सहा ओळी

“हा लेख लिहिणारे सर कुठे बसतात?”

दुपारचे तीन वाजले होते. साताऱ्याच्या आमच्या पेपरच्या कचेरीत त्या वेळी पुरवणी विभागात माझ्याशिवाय कोणी नसायचं. दारात माझ्याहून एखाद-दोन वर्षांनी लहान मुलगी उभी होती. हातात कात्रण, नीट चौकोनी घडी घातलेलं. लांबूनच मी ते ओळखलं. दोन दिवसांपूर्वीच्या रविवार पुरवणीतलं माझं सदर.

“सर नाहीत,” मी म्हटलं. “मीच लिहिते.”

तिनं मला जरा निरखून पाहिलं. तिचा काही दोष नव्हता. सदराचं नाव ‘तंत्रमित्र’ होतं आणि खाली लेखकाचं नाव नसायचं. वाचणाऱ्याला वाटायचं, कोणीतरी इंजिनिअर असणार. मी मराठी घेऊन एम. ए. केलेली, चोवीस वर्षांची, अजून कायम न झालेली उपसंपादक होते. इंग्रजी वेबसाइट वाचून समजतात एवढ्या एका गुणावर ते सदर माझ्याकडे आलं होतं.

लेख एका बड्या अमेरिकन कंपनीबद्दल होता. तिचं नाव सांगायची गरज नाही. आपण रोज दहा वेळा तिच्या चौकटीत काही ना काही टाइप करून शोधत असतो. ही कंपनी आता स्वतःच घरोघरी इंटरनेट देणार, अशी तेव्हा परदेशी वेबसाइटांवर चर्चा चालू होती. या गोष्टीला आता चौदा-पंधरा वर्षं झाली. कंपनी स्वतः काही बोलत नव्हती, म्हणून बाकी सगळे बोलत होते.

मुलगी खुर्चीवर बसली आणि तिनं कात्रण माझ्यासमोर उलगडलं. शेवटच्या परिच्छेदाखाली पेन्सिलीनं रेघ मारलेली होती.

“हे,” ती म्हणाली आणि तिनं ते वाचूनच दाखवलं. “‘सातारा, सांगली, कराडसारख्या शहरांतही येत्या दोन वर्षांत ही सेवा पोहोचेल आणि गल्लोगल्ली वायरी टाकून इंटरनेट देणारे छोटे व्यावसायिक इतिहासजमा होतील, असे या क्षेत्रातील जाणकारांचे मत आहे.’ हे कुठून कळलं तुम्हाला?”

“आमची सूत्रं असतात.”

“कोण?”

“ते सांगता येत नाही.”

हे वाक्य मी कचेरीतल्या ज्येष्ठांकडून ऐकलं होतं. स्वतः पहिल्यांदाच म्हटलं, आणि म्हणताना बरं वाटलं, हे कबूल करायला हवं.

“दोन वर्षं म्हणजे नक्की दोन? की तीनही लागतील?”

“साधारण दोन.”

“कमी नाही ना लागणार?”

“कमी नाही.”

तिनं मान हलवली, मनातल्या मनात कुठेतरी टिपून घेतल्यासारखी. मग कात्रणाची पुन्हा तशीच घडी घातली.

“मी संज्योत पावसकर. तुमच्या पेपरचे कराडचे एजंट पावसकर, त्यांची मुलगी. बाबांना सांगू नका मी आले होते म्हणून.”

ती गेली. एजंटाची मुलगी एवढ्या लांब, एका लेखासाठी का आली असेल, असं क्षणभर मनात आलं. पण त्या दिवशी पाककृतींचं पान लावायचं होतं. मी कामाला लागले.

दुसऱ्या दिवशी, बुधवारी, वितरण विभागातले तांबोळीभाऊ डबा खायला आमच्या खोलीत आले. जिल्ह्यातले सगळे एजंट त्यांच्या ओळखीचे. कोणाकडे बारसं आहे, कोणाची म्हैस आजारी आहे, सगळं त्यांना ठाऊक असायचं.

“पावसकरांच्या मुलीचं मोडलं म्हणतात,” ते म्हणाले. “येत्या रविवारी सुपारी फुटायची होती.”

माझा घास हातातच राहिला. “का मोडलं?”

“मुलगा इंद्रजित थोरात. चांगला आहे हो, मी पाहिलाय. कराडात इंटरनेट देतो लोकांना. दोन-अडीचशे घरं असतील त्याच्याकडे. पण पावसकर म्हणतात, दोन वर्षांत हा धंदा बसणार. पेपरात आलंय.”

“आपल्या?”

“मग काय दुसऱ्यांच्या? पावसकर दुसरा पेपर हातात धरत नाहीत. तीस वर्षांत धरला नाही.” तांबोळीभाऊंनी डब्याचं झाकण लावलं. “तुमचंच सदर ना ते, ताई?”

मी हो म्हटलं. ते पुढे काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

संध्याकाळी मी बेलवलकर सरांकडे गेले. पुरवणी त्यांच्याकडे होती आणि मला कायम करायचं की नाही तेही त्यांच्याच हातात होतं.

“सर, रविवारच्या लेखाचा शेवटचा परिच्छेद तितकासा पक्का नाही. खुलासा द्यावा असं वाटतं.”

“कोणी मागितलाय?”

“मागितला नाही कोणी.”

“त्या कंपनीचं पत्र आलंय? वकिलाची नोटीस?”

“नाही.”

“मग कसला खुलासा? हेमांगी, पेपर न मागता खुलासे छापायला लागला तर बातम्या कुठे छापायच्या?” त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. “आणि पक्का नाही म्हणजे काय? जाणकारांचं मत आहे असं तूच लिहिलंयस ना? आहेत ना जाणकार?”

मी म्हटलं, “बघते, सर,” आणि बाहेर आले. माणूस म्हणून ते वाईट नव्हते. मीच त्यांना पूर्ण सांगितलं नव्हतं.

गुरुवारी मी रजा टाकली आणि सकाळच्या एसटीनं कराडला गेले. दीड तासाच्या प्रवासात काय बोलायचं ते चार-पाच वेळा जुळवलं. उंब्रज मागे पडेपर्यंत ते बऱ्यापैकी सभ्य झालं होतं. त्यात ‘गैरसमज’ होता, ‘संदर्भ’ होता, ‘व्यापक अर्थानं’ होतं.

पावसकरांचं घर शनिवार पेठेत. खाली एजन्सीची खोली, वर राहायची जागा. ते खालीच होते, न खपलेले परतीचे अंक दोरीनं बांधत. साठीचे गृहस्थ, पांढरा शर्ट, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. कचेरीतून आलेय म्हटल्यावर त्यांनी हातातली दोरी तशीच सोडली आणि मला वर घेऊन गेले. काकूंनी पाणी आणलं, मग चहा, मग पोहे टाकते म्हणाल्या.

“सांगा मॅडम. अंक कमी करायचे म्हणत असतील तर आत्ताच सांगतो, कमी होणार नाहीत.”

“अंकांचं नाही काका. ‘तंत्रमित्र’ मी लिहिते.”

त्यांचा चेहरा एकदम खुलला. “तुम्ही? अगं ऐकलंस का, आपल्या इंटरनेटवाल्या बाई.” मग ते माझ्याकडे सरकून बसले. “तुमचे फार उपकार झाले आमच्यावर. रविवारी तो लेख आला नसता तर मी मुलीला विहिरीत ढकललं असतं. मुलगा चांगला आहे. माणसं चांगली आहेत. पण कळतं कुठे आपल्याला, हे वायरीचं काम किती दिवस चालणार ते?”

एसटीत जुळवलेलं सगळं तिथेच संपलं.

“काका, तो शेवटचा परिच्छेद खरा नाही.”

“म्हणजे?”

“बाकीचा लेख मी एका वेबसाइटवरून घेतला होता. तिथेही सगळा अंदाजच होता. पण शेवटचा परिच्छेद तिथेही नव्हता. कुठेच नव्हता. तो मी घातला.”

“तुम्हाला कोणी सांगितलं असेल ना? जाणकार?”

“कोणी नाही. शनिवारी पान लावताना लेख सहा ओळींनी कमी पडला. खाली पांढरी जागा दिसत होती. पान छपाईला सोडायची वेळ झालेली. पान लावणारे म्हणाले, मॅडम, सहा ओळी द्या पटकन. मी उभ्या उभ्याच टाइप केल्या. चार मिनिटं लागली असतील.”

काकू स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या.

“पण कराडचं नाव आहे त्यात,” पावसकर म्हणाले. “कराड कसं आलं?”

“सातारा, सांगली लिहून झालं. ओळ पुरी व्हायला अजून एक शब्द हवा होता.”

हे मी कोणाजवळच बोलले नव्हते. बेलवलकर सरांजवळ नाही, घरी आईजवळ नाही. बोलून झाल्यावर मी पावसकरांच्या हातांकडे पाहत राहिले. बोटं शाईनं काळी झालेली होती. माझी कधीच होत नसत.

त्यांनी चहाचा कप बाजूला ठेवला. मग म्हणाले, “तीस वर्षं हा पेपर मी लोकांच्या दारात टाकतोय. कोणी वाद घातला की मी म्हणतो, पेपरात आलंय, संपला विषय. त्या मुलालाही परवा मी तेच म्हटलं. तुम्ही वाईट आहात असं म्हटलं नाही. पेपरात आलंय, एवढंच म्हटलं.”

“माझी चूक आहे, काका.”

“बाकीचं पण असंच असतं का?”

“नाही. असं नसतं.”

“आरोग्याचं पान?” काकूंनी दारातून विचारलं. “दोन वर्षं झाली, हे रोज सकाळी कारल्याचा रस घेतात. मलाही घ्यायला लावतात.”

“ते मी नाही लिहीत, काकू. ते डॉक्टर लिहितात.”

“खरे डॉक्टर?”

“खरे. मी पाहिलंय त्यांना.”

काकूंची थोडी निराशा झाली असावी. पावसकर मात्र उठले आणि खुंटीवरची टोपी त्यांनी डोक्यावर घातली.

“चला,” ते मला म्हणाले. “मला सांगितलंत तसंच त्याला सांगा. मी त्याच्या दारात जाऊन नाही म्हणून आलोय. आता मला एकट्याला जायचा धीर नाही.”

जिना उतरत असतानाच संज्योत कॉलेजमधून आली. मला पाहून ती पायरीवरच थांबली. तिला वाटलं, मी तिचं गुपित फोडायला आले. वडिलांनी तिला दोन वाक्यांत काय झालं ते सांगितलं.  ती वह्या आत ठेवून आमच्याबरोबर निघाली.

इंद्रजितचं दुकान दत्त चौकाजवळ होतं. तो दुकानात नव्हता. शेजारच्या इमारतीच्या गच्चीवर काम चाललंय असं कळलं. आम्ही तिघं तीन मजले चढलो. पावसकरांना दम लागला. गच्चीवर एक उंच, सावळा तरुण पाण्याच्या टाकीला टेकून डब्यातल्या वायरी जोडत बसला होता. आम्हाला पाहिल्यावर तो उठला, हात पँटला पुसले आणि पावसकरांना पालथी बादली बसायला दिली.

मी पुन्हा सगळं सांगितलं. दुसऱ्यांदा सांगणं सोपं जाईल असं वाटलं होतं, तसं झालं नाही. तो मान खाली घालून ऐकत होता. शेवटी पावसकर म्हणाले, “तर असं आहे. ते खरं नव्हतं. मी आपला नकार मागे घ्यायला आलोय. तुमच्या घरच्यांना राग आला असेल तर त्यांच्याही पाया पडतो.”

आता सुटलो, असं मला वाटलं. तेवढ्यात इंद्रजित म्हणाला, “काका, पण खरं होऊही शकतं.”

पावसकर बादलीवरून पुढे वाकले.

“काय होऊ शकतं?”

“ती कंपनी नाही तर दुसरी कुठलीतरी. आज ना उद्या मोठं कोणीतरी येणारच. दोन वर्षांत येईल की दहा, ते मला माहीत नाही. यांनाही माहीत नव्हतं, मलाही नाही. येणारच नाही असं म्हणून मी तुमच्या मुलीचा हात मागणार नाही.”

“मग आल्यावर काय करणार?”

“कोणाचंही इंटरनेट असलं तरी घरात वायर न्यायला माणूस लागतो. ते काम मला येतं. तेही गेलं तर दुसरं शिकेन. हे तरी मला कोणी शिकवलं होतं? स्वतःच शिकलो.”

“हे परवा का नाही सांगितलंत?”

“परवा तुम्ही विचारलं नाही, काका. कात्रण दाखवलंत आणि निघालात.”

पावसकरांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. खालच्या चौकातून रिक्षांचे आवाज येत होते. मग ते मुलीकडे वळले. “तुझं काय म्हणणं? ऐकलंस ना? मोठं कोणी येणारच म्हणतात हे.”

“मी ते रविवारीच धरून चालले होते,” संज्योत म्हणाली. “मंगळवारी मी यांच्या कचेरीत जाऊन आले, बाबा. तुम्हाला न सांगता.”

“कशाला?”

“लग्न करायचं की नाही हे विचारायला नाही. ते माझं ठरलं होतं. किती वेळ आहे हातात, तेवढं बघायला गेले होते. या म्हणाल्या, दोन वर्षं, कमी नाही. माझं बी. एड. मे महिन्यात संपतं. जूनपासून कुठेतरी शिकवायला लागेन. तोवर यांनी आपलं काम सांभाळून दुसरं काय करायचं ते बघायचं. मी हिशोब घातला, दोन वर्षांत बसत होतं. तुमच्याशी कसं बोलायचं तेवढं राहिलं होतं.”

इंद्रजित तिच्याकडे पाहत होता. हे त्यालाही नवीन होतं, हे उघड दिसत होतं. हातातली पक्कड त्यानं हळूच टाकीवर ठेवली.

मी गच्चीच्या कठड्यापाशी जाऊन उभी राहिले. कालपासून मला वाटत होतं, मी एका मुलीचं आयुष्य मोडलं. ती तर माझं खोटं खरं धरूनच आपलं आयुष्य उभं करायला निघाली होती. छातीवरचं ओझं उतरलं म्हणतात तसं काही झालं नाही.  कठडा धरून मी थोडा वेळ तशीच उभी राहिले. मागे पावसकर विचारत होते, “मग रविवारी सकाळी दहाला जमेल का तुमच्या घरच्यांना?” आणि इंद्रजित म्हणत होता, “जमेल. मी आईला फोन करतो.”

काकूंनी केलेले पोहे परत जाऊन खाल्ले. दोनदा घेतले. निघताना पावसकर म्हणाले, “मॅडम, आम्हाला येऊन सांगितलंत. पण पेपर आणखी किती घरांत गेला असेल? तिथे कोण जाणार?”

“मी खुलासा मागितला होता. सर नको म्हणाले.”

“त्यांना सगळं सांगितलंत?”

“नाही.”

“मग आधी ते सांगा.”

शुक्रवारी सकाळी मी बेलवलकर सरांना सगळं सांगितलं, सहा ओळींसकट. त्यांनी ऐकून घेतलं. मग सहाय्यक संपादकांकडे गेले. अर्ध्या तासानं परत आले तेव्हा त्यांच्याबरोबर तांबोळीभाऊही होते, चेहरा अगदी साळसूद. कराडहून फोन आला होता म्हणे. खुलासा आला नाही तर सोमवारपासून पावसकर गठ्ठे उतरवून घेणार नाहीत. माझ्या सांगण्याचा परिणाम झाला की त्या फोनचा, ते मला आजही ठाऊक नाही. सर एवढंच म्हणाले, “चार ओळींत लिही. पाचवी नको.”

खुलासा रविवारी आला, शेवटच्या पानावर. माझं सदर काढून घेतलं. मला तीन महिने जन्म-मृत्यूच्या आणि हरवले-सापडल्याच्या जाहिराती तपासायला बसवलं. तिथे सगळं मोजून-मापून असायचं. नाव, गाव, तारीख. मला ते काम मनापासून आवडलं. नंतर कायमही केलं.

त्याच रविवारी कराडला सुपारी फुटली. लग्नाला मी आणि तांबोळीभाऊ गेलो होतो. पावसकर सगळ्या पाहुण्यांना माझी ओळख करून देत होते, “या आमच्या पेपरात असतात,” एवढीच. पुढचं ते कधी बोलले नाहीत.

ती कंपनी काही कराडला वायरी टाकायला आली नाही. पण काही वर्षांनी मोबाइलवर स्वस्त इंटरनेट आलं आणि घराघरांतली वायर लोकांनी काढून टाकायला सुरुवात केली. मी तेव्हा पुण्यात दुसऱ्या पेपरात होते. ती बातमी माझ्याच टेबलावर आली. वाचून संपायच्या आत मी संज्योतला फोन लावला.

“हो, निम्मी घरं गेली,” ती म्हणाली. शाळेच्या मैदानावरचा गलका फोनमध्ये ऐकू येत होता. “जायचीच होती. तुम्ही एवढ्या घाबरलात का?”

“इंद्रजित?”

“ते ठीक आहेत. दवाखान्यांची, शाळांची कामं घेतात आता. सगळे कॉम्प्युटर एकमेकांना जोडून द्यायचे, कॅमेरे लावायचे. तीन वर्षं झाली सुरू करून. तुम्ही शनिवारी या ना जेवायला, प्रत्यक्षच बघा.”

मी गेले. दुपारचं ऊन होतं. संज्योतनं दार उघडलं आणि ओठांवर बोट ठेवून मला आत घेतलं. बाहेरच्या खोलीत सतरंजीवर इंद्रजित गाढ झोपला होता. पोटावर दीड-दोन वर्षांची मुलगी पालथी, तीही झोपलेली.

“पूर्वी जेवणसुद्धा धड व्हायचं नाही,” ती कुजबुजली. “कोणाचं ना कोणाचं बंद पडायचं आणि फोन वाजायचा. आता दुपारी झोपतात. लग्नानंतर इतक्या वर्षांनी माणूस दुपारचा घरात झोपलेला पाहतेय मी.”

आम्ही स्वयंपाकघरात बसलो आणि ती दोघं उठेपर्यंत हळू आवाजात बोलत राहिलो.